दवाखाना जवळ आला, बाई मात्र दूरच का?

बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे आपल्याकडच्या जुन्या बायका म्हणत आल्या. त्यात अतिशयोक्ती नव्हती. एखादी आत्या, एखादी चुलती किंवा थोरली बहीण बाळंतपणात दगावल्याची हकिगत बहुतेक घरांत असायची. आज परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. १९९७-९८ मध्ये देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३९८ माता मृत्युमुखी पडत होत्या. २०१८-२० मध्ये हे प्रमाण ९७ वर आले. त्याच काळात महाराष्ट्रात ते ३३ होते, केरळात १९, तर आसामात १९५. एका पिढीत झालेली ही सुधारणा लहान नाही.

मग या सदरात पुन्हा हा विषय कशासाठी, असे वाचकांना वाटेल. त्याचे कारण असे की, आपण बाळंतपण दवाखान्यात नेले, पण गरोदरपण अजून घरातच ठेवले आहे. कळा सुरू झाल्या की गाडी बोलावून बाईला दवाखान्यात नेणे आता खेड्यापाड्यांतही अंगवळणी पडले आहे. त्याआधीचे नऊ महिने आणि नंतरचे सहा आठवडे मात्र बरेचसे दुर्लक्षितच जातात. ते का जातात, याचे उत्तर वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही. ते घरातल्या पैशाच्या हिशेबात आणि घरातल्या बाईच्या जागेत सापडते.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पहिल्या फेरीत, म्हणजे १९९२-९३ मध्ये, देशातील साधारण चारांपैकी एकच बाळंतपण दवाखान्यात होत होते. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण ८८.६ टक्के झाले. महाराष्ट्रात तर ते ९४.७ टक्के आहे. आता याच पाचव्या फेरीतले दुसरे आकडे पाहा. गरोदरपणात किमान चार वेळा तपासणी झालेल्या माता देशात ५८.१ टक्के. लोहाच्या गोळ्या १८० दिवस घेतलेल्या माता केवळ २६ टक्के. आणि गरोदर स्त्रियांपैकी ५२.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय, म्हणजे अंगात रक्त कमी. याचा अर्थ, दवाखान्याच्या खाटेवर येणाऱ्या बायकांपैकी कित्येक जणी तपासणी अर्धवट राहिलेल्या आणि रक्त कमी असलेल्या असतात.

तपासणीत असे काय मोठे करतात, असा प्रश्न मला सासूबाई नेहमी विचारतात. करतात ते साधेच असते. वजन, रक्तदाब, रक्त-लघवीची तपासणी, पोटावर हात लावून बाळाची वाढ पाहणे. पण रक्तदाब वाढू लागला आहे आणि लघवीतून प्रथिने जात आहेत, हे सातव्या-आठव्या महिन्यात कळले तर उपचार करता येतात. ते न कळता बाई थेट झटके येऊन दाखल झाली, तर आई आणि बाळ दोघांचेही प्राण धोक्यात येतात. तसेच रक्ताचे. ज्या बाईचे हिमोग्लोबिन ११ आहे, ती बाळंतपणातला थोडाफार रक्तस्राव सोसते. ज्या बाईचे ७ च्याही खाली आहे, तिला तेवढाच रक्तस्राव प्राणघातक ठरू शकतो.

'मोफत' तपासणीचा खर्च

सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रीची तपासणी मोफत होते. तरीही बायका का येत नाहीत? याला अज्ञान म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण मी अनेक वर्षे तालुक्याच्या गावी स्त्रियांची तपासणी करते आहे, आणि माझा अनुभव वेगळा आहे. तपासणी चांगली असते, हे आता जवळपास सगळ्याच जणी जाणतात. ती परवडत नाही, ही अडचण आहे.

एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा, एका शेतमजूर बाईची दिवसाची मजुरी ३०० रुपये आहे. तपासणीला एक दिवस गेला की ते ३०० बुडाले. एकटीला पाठवत नाहीत, म्हणून नवरा बरोबर आला. त्याची मजुरी ५०० धरली, तर तीही बुडाली. दोघांचे जाण्यायेण्याचे ६० आणि चहा-नाश्त्याचे ४० धरा. एकूण झाले ९०० रुपये. ही झाली मोफत तपासणी. अशा चार तपासण्यांचे ३,६०० होतात. त्यात सोनोग्राफी खासगीत करून आणायला सांगितली, किंवा एखादे औषध बाहेरून लिहून दिले, की खर्च आणखी वाढला. ज्या घरात रोजची चूल मजुरीवर पेटते, तिथे "मला काही होत नाही, मग कशाला जायचं?" असे बाईच म्हणते. तिच्या दृष्टीने तिचे चुकत नाही. आज दिसणारे ९०० रुपये खरे असतात, दोन महिन्यांनी येणारा धोका डोळ्यांना दिसत नसतो.

खासगी दवाखान्याच्या खर्चाची धास्ती वेगळीच. "तिकडे गेलं की पोट फाडतात" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे. ते निव्वळ भीतीपोटी बोलले जात नाही. वर सांगितलेल्या पाचव्या पाहणीत देशातील खासगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के बाळंतपणे शस्त्रक्रियेने झाल्याचे आढळले. सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के होते. अवघड बाळंतपणे खासगीत नेली जातात, हे त्याचे एक कारण असेल, पण तेवढ्याने एवढा फरक पडत नाही. सिझेरियन काही वेळा जीव वाचवते, हे सांगताना सामान्य माणसाच्या मनातली ही शंका आम्हा डॉक्टरांनी समजून घेतली पाहिजे.

कोयत्याबरोबरचे गरोदरपण

आपल्या बीड जिल्ह्यापुरते बोलायचे तर या प्रश्नाचे सर्वांत कठीण रूप ऊसतोडीत दिसते. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे जाते, कोणी साताऱ्याला, सोलापूरला, कोणी थेट कर्नाटकात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. म्हणजे बाईने काम केले नाही तर कोयता अर्धा होतो आणि उचल फिटत नाही. एक दिवस कामावर न गेल्यास 'खाडा' पडतो, म्हणजे मजुरी तर बुडतेच, वर दंडही भरावा लागतो. अशा बाईला तपासणीचा दिवस वर सांगितलेल्या हिशेबापेक्षा कितीतरी महाग पडतो.

आता तिचा दिवस पाहा. पहाटे उठून भाकरी थापायच्या, उजाडायच्या आत फडात जायचे, तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. आडोसा नाही म्हणून बायका दिवसभर पाणी कमी पितात. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग होतो. गरोदरपणात असा संसर्ग उपचाराविना राहिला, तर दिवस पूर्ण होण्याआधीच कळा लागण्याची भीती असते. आठव्या महिन्यापर्यंत मोळ्या वाहणाऱ्या बायका मी तपासल्या आहेत.

सरकारी व्यवस्था गावावर आधारलेली आहे. आशाताई गावची, आरोग्यसेविका उपकेंद्राची, अंगणवाडी वस्तीची. गरोदर बाईचे नाव गावच्या वहीत लागते आणि ती पाच-सहा महिने गावात नसते. कारखान्यावरच्या कोपीत ती राहते, तिथल्या आशाताईच्या यादीत तिचे नाव नसते. इथे ती 'स्थलांतरित' म्हणून सुटते आणि तिथे 'बाहेरची' म्हणून सुटते. कर्नाटकात गेलेल्या बाईला तर आपले दुखणे सांगायला भाषाही आड येते.

संघटित क्षेत्रात नोकरी करणाऱ्या स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण फडातल्या बाईला अशी रजा कोण देणार? म्हणूनच कित्येक जणी बाळंत झाल्यावर सव्वा महिनाही घरी बसत नाहीत. मूल कोपीत झोळीत टाकून त्या पुन्हा कोयता हातात घेतात. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तपासणी करावी, हा सल्ला त्यांना देताना माझे मलाच अवघडल्यासारखे होते. तरी तो द्यावा लागतो, कारण अंगावरून जाणे, गर्भाशय खाली सरकणे, कंबरदुखी ही दुखणी पुढे जन्मभर छळतात.

दुखणे अंगावर काढण्याची सवय

पैसा हे एक कारण झाले. दुसरे कारण घरातल्या बाईच्या जागेत आहे. सर्वांचे जेवण झाल्यावर जेवायचे, सर्वांची दुखणी निस्तरल्यावर आपले पाहायचे, असे वळण मुलीला लहानपणापासून लागते. १९८९ मध्ये डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी त्यांनी केली होती. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाची काही ना काही तक्रार होती. त्याआधी कधीतरी अशी तपासणी करून घेतलेल्या स्त्रिया मात्र फक्त ८ टक्के होत्या. बाकीच्या साऱ्या जणी ते दुखणे अंगावर काढत होत्या. त्याला आता तीन तपांहून अधिक काळ लोटला. दवाखाने वाढले, रस्ते झाले, पण अंगावर काढण्याची सवय गेली असे मला म्हणवत नाही.

पुरुष डॉक्टरसमोर तपासणीला बसण्याचा संकोचही याच सवयीचा भाग आहे. हा संकोच आजचा नाही. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे बाळ दहा दिवसांतच गेले. पुढे त्या अमेरिकेत गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. आपल्या देशात स्त्री-डॉक्टरची गरज आहे, ही त्यांची तळमळ होती आणि प्रबंधाचा विषयही त्यांनी प्रसूतिशास्त्राचाच निवडला. आजही ज्या आरोग्य केंद्रात स्त्री-डॉक्टर असते, तिथे बायका मोकळेपणाने येतात, हे कोणीही पाहून यावे.

निर्णय कोणाचा?

माझ्याकडे येणाऱ्या बाईला मी काही विचारले, तर उत्तर बरेचदा बरोबर आलेली सासू किंवा नवरा देतो. गोळ्या घ्यायच्या की नाहीत, सोनोग्राफीला जायचे की नाही, दाखल व्हायचे की नाही, हे ठरवणारी माणसे दुसरीच असतात. सासूबाईंना दोष देण्याचा माझा हेतू नाही. "आमची पाच बाळंतपणं घरात झाली, आम्हाला काय झालं?" असे त्या म्हणतात, तेव्हा त्या स्वतःच्या अनुभवावरूनच बोलत असतात. पण ज्यांना काही झाले, त्या आज सांगायला नाहीत, हे ध्यानात घ्यायला हवे.

लोहाच्या गोळ्यांचेच पाहा. गोळीने शौचास काळी होते, मळमळते. त्यात कोणीतरी सांगते की, गोळ्यांनी मूल काळे होते किंवा फार मोठे होऊन बाळंतपण अडते. यातले काहीही खरे नाही. शौचाचा रंग बदलतो तो लोहामुळे, आणि मुलाच्या वर्णाशी गोळीचा संबंध नाही. पण गोळ्यांची पाकिटे फडताळात तशीच पडून राहतात.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत प्रेमाची आहे. थकल्या मुलीला आईच्या हातचे मिळते. मात्र सातव्या महिन्यात मुलगी माहेरी गेली की तपासणीचा धागा तुटतो. कार्ड सासरी राहते, नव्या डॉक्टरला मागचे काही माहीत नसते. शिवाय खर्च कोणी करायचा, यावर दोन्ही घरे एकमेकांकडे पाहतात. सासरचे म्हणतात माहेरचे बघतील, आणि माहेरची माणसे जावयाच्या संमतीशिवाय शस्त्रक्रियेच्या कागदावर सही करायला धजत नाहीत. आधार कार्डावर माहेरचे नाव आणि बँकेच्या खात्यावर सासरचे, यामुळे सरकारी मदतीचे पैसेही अडकतात.

लग्नाचे वय हा असाच एक दुखरा भाग. पाचव्या पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. कमी वयाची मुलगी गरोदर राहिली की घरचे लोक नोंदणीच टाळतात, कारण वय उघड झाले तर पोलिसांत प्रकरण जाईल. म्हणजे जिला तपासणीची सर्वांत जास्त गरज, तीच सर्वांत उशिरा येते. यावर खरा उपाय एकच, मुलीचे लग्न अठराच्या आत करायचे नाही. पण झालेच असेल, तर भीतीपोटी तिची तपासणी बुडवू नका. केव्हाही झाले तरी तिचा जीव मोलाचा.

तीन ठिकाणी होणारा उशीर

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी १९९४ मध्ये मातांच्या मृत्यूमागील कारणांची मांडणी केली. ती आजही जगभर शिकवली जाते. त्यांच्या मते उशीर तीन ठिकाणी होतो. पहिला उशीर घरात, न्यायचे की नाही हे ठरवण्यात. दुसरा वाटेत, वाहन आणि रस्ता मिळण्यात. तिसरा दवाखान्यात, पोचल्यावर उपचार सुरू होण्यात.

बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव सुरू झाला तर दोनेक तासांतही प्राण जाऊ शकतो. नवरा शेतातून यायची वाट पाहण्यात एक तास गेला, जीप मिळवण्यात अर्धा तास गेला, तर डॉक्टरच्या हातात किती वेळ उरला? दुसऱ्या उशिरावर १०८ आणि १०२ क्रमांकाच्या गाड्यांनी बराच इलाज केला आहे. तिसऱ्या उशिराची जबाबदारी आमची, म्हणजे डॉक्टरांची आणि शासनाची. रक्तपेढी लांब असणे, भूलतज्ज्ञ नसणे, "पुढे घेऊन जा" म्हणून चिठ्ठी देणे हे सर्व त्यात येते. बाळंतिणीवर ओरडणे, तिच्या कपड्यांवरून, जातीवरून, मुलांच्या संख्येवरून बोलणे, हेही त्यातच येते. एकदा अपमान झालेली बाई पुढच्या खेपेला येत नाही, आणि आपल्या जावेलाही येऊ देत नाही. पहिला उशीर मात्र घराच्या उंबऱ्याच्या आतला आहे. तो घरानेच टाळायचा आहे.

हक्काच्या सोयी

काही सोयी लोकांना नीट माहीत नसतात, म्हणून येथे देते. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, दाखल असतानाचा आहार आणि घरून नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून खास तपासणी होते. मातृवंदना योजनेत अटींत बसणाऱ्या मातेला पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये, आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. जननी सुरक्षा योजनेची मदत वेगळी. हे पैसे वेळेवर मिळाले, तर बुडालेल्या मजुरीची थोडी भरपाई होते. म्हणून कागदपत्रांची जुळणी गरोदरपणाच्या सुरुवातीलाच करून ठेवावी.

घराने काय करावे?

१. पाळी चुकल्यावर बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवावे. त्यानंतर १४ ते २६, २८ ते ३४ आणि ३६ आठवड्यांनंतर अशा आणखी तीन तपासण्या तरी कराव्यातच.

२. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज एक, १८० दिवस. ती जेवणानंतर रात्री घेतल्यास मळमळ कमी होते. गोळीबरोबर चहा घेऊ नये, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी.

३. तपासणीचे कार्ड बाईच्या पिशवीत असावे. माहेरी जाताना, कारखान्यावर जाताना ते बरोबर न्यावे. टोळी जिथे उतरेल तिथल्या आशाताईला पहिल्याच आठवड्यात भेटावे.

४. कोणत्या दवाखान्यात जायचे, बरोबर कोण येणार, रक्त लागले तर कोण देणार, हे आठव्या महिन्यातच ठरवावे. नवरा घरी नसेल तर कोणाच्या शब्दावर निघायचे, हेही ठरवून ठेवावे.

५. पुढील लक्षणे दिसल्यास कोणाची वाट न पाहता १०८ ला फोन करावा : अंगावरून रक्त जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर व हातांवर सूज, झटके, ताप, पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे.

६. बाळंतपणानंतर किमान सहा आठवडे जड काम देऊ नये. या काळात आशाताई घरी येते, तिला बाळाबरोबर आईचीही तक्रार सांगावी.

७. मुकादमांना आणि कारखान्यांना माझी विनंती आहे. गरोदर बाईच्या तपासणीच्या दिवशी खाडा धरू नका. पूर्ण दिवसांची बाई मोळी वाहणार नाही, एवढे टोळीत ठरवून टाका.

शेवटी एक सांगते. या सर्व यादीत पैशाने होणाऱ्या गोष्टी थोड्या आणि घरातल्या माणसांनी मनावर घेतल्यास होणाऱ्या गोष्टी जास्त आहेत. आपल्याकडे सातव्या महिन्यात हौसेने डोहाळजेवण करतात, शेजारणी ओटी भरतात. त्याच आठवड्यात घरातल्या एकाने सुनेला घेऊन दवाखान्यात जावे आणि तिचा रक्तदाब, तिचे हिमोग्लोबिन किती आहे ते विचारून घ्यावे. तो आकडा घरातल्या सर्वांना माहीत असावा.